कुणाच्या केसांना कुठली फणी

महाद्वार रोडवर, देवळाकडे निघालेल्या गर्दीला तिरके छेदून मी एका दुकानासमोर उभी राहिले आणि केसांचा ब्रश दाखवायला सांगितला. काउंटरमागच्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारले, "केस कुणाचे, ताई?" मी म्हणाले, "मुलीचे." "तसं न्हाई. सरळ हैत का कुरळे? दाट का पातळ?" वीस वर्षे वर्गात उभे राहून इतरांना प्रश्न विचारणाऱ्या माझी अशी परीक्षा बऱ्याच दिवसांत कुणी घेतली नव्हती. "कुरळे," मी म्हणाले, "दाट, आणि आजीच्या हाती लागले की रडणारे." त्यांनी प्रथमच मान वर केली आणि सात-आठ ब्रश काचेवर मांडले.

एक रुंद आणि चपटा, वल्ह्यासारखा; त्याच्या काड्या रबराच्या गादीत रोवलेल्या. एक लाटण्यासारखा गोल, केस वाळवताना त्यांना बाक देण्यासाठी. एक डुकराच्या राठ केसांचा. हे कळताच शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हातातला नमुना हळूच परत ठेवला. एक मुठीत मावणारा, दांडाच नसलेला, लवचीक दातांचा. आणि शेवटी एक साधा कंगवा, जाड आणि विरळ दातांचा, ज्याला पाहून माझी आई "ह्यो काय, दाताळं हाय व्हय?" असे म्हणेल हे मला तिथेच कळले. पुढे ती तसे म्हणालीच. मी तोच घेतला.

घरी परतताना रिक्षात माझ्या मनात विचार आला तो शब्दांचा. (हा आमच्या पेशाचा दोष, वाचकांनी क्षमा करावी.) या सात-आठ वस्तूंपैकी एकीलाही मराठीत स्वतःचे नाव नाही. आपल्याकडे शब्द दोनच, फणी आणि कंगवा. कंगव्याचे कुळ संस्कृतातल्या 'कङ्कत'पर्यंत नेता येते, हिंदीतली कंघी त्याच कुळातली. फणी मात्र आपल्या बोलीत चांगली ऐसपैस नांदते. केळीच्या घडातला एक झुबका म्हणजे फणी. मागावर ताण्याचे सूत ज्या दातांतून ओवून अंतराअंतरावर धरले जाते ती फणी. आमच्या जिल्ह्यातल्या इचलकरंजीत हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा जुना कारागीर सापडणार नाही. आणि नाग तो फणी, म्हणून वेणीला नागिणीची उपमा देणाऱ्या कवींना हा शब्द दोन्ही अंगांनी हाताशी. व्युत्पत्तीच्या मोहात फार पडू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगते. पण या साऱ्या फण्यांत एक गोष्ट समान आहे. ओळीने उभी असलेली बोटे, आणि त्यांच्यामधली जागा. फणीची सारी विद्या त्या मधल्या जागेत आहे. जागा अरुंद असेल तर उवा-लिखा निघतात, रुंद असेल तर गुंता सुटतो. ही दोन वेगळी कामे आहेत, हे समजायला माझ्या घराला तेरा वर्षे लागली.

माझे आणि आईचे केस सरळ, पातळ, तेल लावले की टाळूला चिकटून बसणारे. मुलीचे तिच्या वडिलांकडून आलेले, जन्मल्यापासून वेटोळ्यांचे. आईजवळ एक लाकडी फणी आहे, दोन्ही बाजूंना दात असलेली, एका बाजूचे बारीक आणि दुसऱ्या बाजूचे त्याहून बारीक. तीन दात पडलेले. या फणीने आईने मला वाढवले. दिवेलागणीच्या आत वेणीफणी झाली पाहिजे, तिन्हीसांजेला केस मोकळे दिसता कामा नयेत, विंचरलेल्या केसांची गुंडाळी करून कोनाड्यात ठेवायची आणि 'केसांवर भांडी' असे ओरडत बोहारीण आली की तिला द्यायची, हा आमच्या लहानपणीचा रोजचा शिरस्ता. माझ्या केसांना ती फणी सोसली, किंबहुना त्या केसांना तीच योग्य होती. पण तीच फणी, तीच बैठक, तीच गुडघ्यांची पकड आईने नातीच्या डोक्यावर आणली आणि आमच्या घरात रोज सकाळी सात वाजता युद्ध सुरू झाले.

मुलगी लहान होती तोवर रडून मोकळी व्हायची. आठवीत गेल्यावर ती भांडू लागली. त्यातच शाळेत एका बाईंनी तिच्या वेण्यांतून सुटलेल्या बटांवरून वर्गासमोर काहीतरी शेरा मारला. घरी येऊन ती म्हणाली, "मी केस कापून टाकणार." आई म्हणाली, "कापायचं न्हाई. विंचरायचं." आणि फणी पुन्हा त्या कोरड्या, दाट रानात शिरली, कडकड असा आवाज येई, तो केस तुटण्याचा होता. फणीच्या दातांत दर वेळी मूठभर केस. ते पाहून आई म्हणे, "बघ, किती गुंता होता."

मी मराठीची एम. ए. आहे, केसांची नव्हे. पण घरात रोज रक्त निघू लागल्यावर माणूस वाचू लागतो. जे कळले ते थोडक्यात सांगते. सरळ केसाचा आडवा छेद बहुधा गोल असतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. डोक्याच्या कातडीतून झिरपणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर त्याची वाट अडते. म्हणून कुरळे केस मुळाशी कसेही असले तरी टोकाला कोरडेच राहतात आणि कोरडा केस शेजारच्या केसात अडकतो. राठ केसांचा तो ब्रश सरळ, पातळ केसांना उपकारक, कारण तो मुळाचे तेल टोकापर्यंत पसरवतो. कुरळ्या केसांत मात्र तो वेटोळी फोडून त्यांचा कापूस करून ठेवतो. आणखी एक गोष्ट, जी मला मुळीच ठाऊक नव्हती. ओला केस दुबळा असतो. पाण्याने त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, तो फुगतो, ताणला जातो. म्हणून सरळ केसांच्या माणसाने न्हाल्याबरोबर ब्रश चालवू नये, थोडे वाळू द्यावे. कुरळ्या केसांचे याच्या उलट. ते कोरडे असताना हात लावू नये. ओले असताना, तेल किंवा कंडिशनर लावून ते निसरडे करून, विरळ दातांच्या कंगव्याने विंचरावेत. आणि टाळूपासून खाली नव्हे. आधी टोके, मग चार बोटे वर, मग आणखी वर. टाळूपासून ओढलेला कंगवा वाटेतल्या सगळ्या गाठी खाली ढकलत नेऊन त्यांची एक मोठी गाठ करतो.

ब्रशच्या इतिहासातही माझा थोडा वेळ गेला. लंडनच्या मेसन पिअर्सन यांनी १८८५ साली रबराच्या गादीचा ब्रश काढला. १८९८ साली लायडा न्यूमन या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय स्त्रीने सुधारित ब्रशचे पेटंट मिळवले, ज्याच्या काड्यांमधून हवा खेळेल आणि जो उघडून साफ करता येईल. ज्यांच्या केसांना बाजारातला ब्रश कधीच लागू पडला नाही अशा समाजातल्या एका बाईने हे करावे यात मला नवल वाटले नाही. आणि साहित्याच्या मंडळींसाठी एक तपशील. इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन नगरात सापडलेल्या एका हस्तिदंती फणीवर कोरलेली अक्षरे २०२२ साली प्रसिद्ध झाली. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची ती फणी आहे आणि वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले आजवर हाती आलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य बहुधा तेच. वाक्यात काय आहे? या दाताने डोक्यातल्या आणि दाढीतल्या उवा निघोत, एवढीच इच्छा. महाकाव्य नाही, राजाज्ञा नाही. आपल्याकडे अथर्ववेदातल्या विवाहसूक्तातही वधूच्या डोक्यावरून फिरणारी शंभर दातांची फणी आहेच. आणि जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत तर प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या डोक्यातल्या उवा काढतो, तिची वेणी घालतो. मी हे अभंग शिकवताना 'भक्ताचे दास्य करणारा देव' वगैरे सांगत आले. जनीचे विंचरायला आई नव्हती, ही गोष्ट माझ्या व्याख्यानात कधी आली नाही.

एवढी सामग्री गोळा करून, हाती तो साठ रुपयांचा कंगवा घेऊन मी आईसमोर बसले. मला वाटले होते, मुद्दा समजावून सांगितला की संपले. आईने लंबगोल छेद वगैरे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ह्येच्यानं गुंता आत ऱ्हातोय. वरनं सुटल्यागत दिसतंय." मी म्हणाले, "राहिला थोडा तर राहू दे की. काय बिघडतं?"

तिने हातातली फणी खाली ठेवली.

"आक्काच्या डोस्क्यात असाच ऱ्हायला होता," ती म्हणाली.

माझ्या आईला एक थोरली बहीण होती, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळले. आईचे माहेर गडहिंग्लज तालुक्यातले. आक्का तिच्याहून चार वर्षांनी मोठी. सुगीचे दिवस, आईबाप पहाटेपासून रानात, पोरींचे केस विंचरायला कुणाला सवड नाही. आक्काचे केस, आई म्हणाली, "हिच्यासारखंच व्हतं, वेटोळ्याचं." धूळ, घाम, भुसा. एक दिवस मानेवर अंगठ्याएवढी जट लागली. शेजारच्या वस्तीतली जोगतीण येऊन बघून गेली; म्हणाली, देवी आलीया, आता कात्री लावू नका, फणी लावू नका. जटेला भंडारा लावला. "त्या दिसापास्नं तिच्या डोस्क्याला कुणी हात लावला न्हाई." पुढच्या मार्गशीर्षात आक्काला सौंदत्तीच्या डोंगरावर नेले. आईने पुढे काय झाले ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एवढेच म्हणाली, "मग मी रोज रातच्याला सगळी निजली की चुलीपाशी बसून फणी फिरवायचो. डोस्क्यातनं रगत यायचं. पर गुता म्हणून ठिवला न्हाई." (आमच्याकडच्या बायका 'मी गेलो', 'मी केलो' असे बोलतात. प्रमाणभाषेच्या तासाला मी ते दुरुस्त करीत असे. त्या संध्याकाळी नाही केले.)

ती तेव्हा सात वर्षांची होती.

वाचकांपैकी पुष्कळांनी राजन गवस यांची 'चौंडकं' वाचली असेल. गवस आमच्याच जिल्ह्यातले. गारगोटीच्या परिसरात त्यांचे आयुष्य गेले. १९८५ सालच्या या कादंबरीत एका कोवळ्या मुलीच्या डोक्यात जट येते आणि तेथून तिचे आयुष्य तिचे राहत नाही. त्यानंतरची त्यांची 'भंडारभोग' जोगत्याची. २००९ साली आलेल्या 'जोगवा' या चित्रपटामागे याच कादंबऱ्या आहेत. 'चौंडकं' मी अनेक वर्षे शिकवली. 'देवदासी प्रथेचे समाजशास्त्रीय परिमाण' या मथळ्याखाली टिपणे काढून दिली, 'ग्रामीण जीवनातील अंधश्रद्धेचे चित्रण' या प्रश्नाला सोळापैकी सोळा गुण दिले. त्या टिपणांत मी 'हा समाज', 'हे लोक' असे शब्द वापरले आहेत. ती वही मी काढून पाहिली. 'हे लोक' सात वेळा आहे.

कायद्याचे म्हणाल तर कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० सालीच जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा केला होता. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ सालचा. आक्काला डोंगरावर नेले ते यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. गडहिंग्लज तर पुढे देवदासींच्या मुक्तीसाठी झालेल्या चळवळीचे एक महत्त्वाचे ठिकाण झाले. कर्नाटकाचा कायदा १९८२ साली आला, महाराष्ट्राचा २००५ सालचा. ही सर्व वर्षे मला पाठ आहेत. परीक्षेला विचारली जातात.

जट म्हणजे काय, तर न विंचरलेले, न धुतलेले केस एकमेकांत गुंतून, मळ-घाम-तेलाने घट्ट होऊन झालेला दोर. वैद्यकात त्याला 'प्लिका पोलोनिका' असे नाव आहे. नावातला तो पोलंड सांगतो की युरोपातही ती होती आणि तिथेही तिला हात लावायला लोक भीत. जट वाढली की मान दुखते, आत उवा होतात, जखमा होतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आजवर कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. अशा एका कार्यकर्तीशी माझे बोलणे झाले होते. कात्री चालवायला तासभर लागतो, ती म्हणाली, त्याआधी घरच्यांशी बोलण्यात महिनेही जातात. कापल्यानंतर पहिली रात्र ती फोन बंद ठेवीत नाही, कारण त्या रात्री घरात कुणी शिंकले तरी दोष जटेवर येतो.

मी आईला हेच सांगू पाहिले. जट देवीची नसते, फणी न लावल्याची असते. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला ते माझ्याआधी साठ-पासष्ट वर्षे ठाऊक होते. सात वर्षांच्या मुलीने नेमके तेच ताडले होते, की जिथे फणी फिरते तिथे देवी येत नाही. मला अंधश्रद्धा वाटली ती तिची सर्वांत विवेकी गोष्ट होती. चूक होती ती फणीच्या दातांची, आणि ती चूक कुणाला सांगायची? तिच्यापाशी एकच फणी होती.

फणी ही आपल्याकडे नुसती केसांची वस्तू नाहीच. देवीच्या ओटीत फणी-करंडा असतो, हरितालिकेच्या पूजेत असतो. अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या दुकानांत बोटाएवढ्या फण्या आणि करंडे पुड्यांत बांधून टांगलेले असतात. त्या फणीने विंचरता येत नाही. ती सौभाग्याची खूण. माझे वडील गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारणीने आईच्या पुढ्यातून फणी-करंड्याचे ताट उचलले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने आपली तीन दात पडलेली फणी काढली आणि केस विंचरून अंबाडा बांधला. त्याआधीच्या पिढीत तीही सोय नव्हती. केशवपनाने विंचरायचे केसच काढून घेतलेले. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी आणि मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर. मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि लसूण सोलत राहिली. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

आक्काचे खरे नाव काय, हे मला अजून कळलेले नाही. एकदा विचारले, तर आई म्हणाली, "आक्काच म्हणायचो." मुलीला यातले काय आणि केव्हा सांगायचे, याचाही निर्णय झालेला नाही. तेराव्या वर्षी हे ऐकावे का? आक्का अकरा वर्षांची होती.

मग एका रविवारी आम्ही न्हाणीच्या बाहेर, परसात पाट मांडला. मुलीचे केस ओले, त्यांना खोबरेल लावलेले. ती आईला शिकवीत होती. फोनवर पाहून पाहून ती या शास्त्रात माझ्या पुढे गेली आहे. "आज्जी, वरून नाही. खालून धर. एवढीच बट घे. वरचा भाग मुठीत पकड, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही." आई आधी कुरकुरली. "खालनं वर? समदं उलटंच की तुमचं." मग 'दाताळं' टोकांतून फिरले, थोडे वर सरकले, पुन्हा फिरले. ओल्या केसांत आवाज झाला नाही. आईने कंगवा उजेडात धरून दात पाहिले. चार-पाच केस होते. "तुटंनात की," ती म्हणाली आणि पुन्हा पाहिले.

पाऊण तास लागला. मुलगी एकदाही रडली नाही. मधूनच गाणे गुणगुणत होती. सगळे केस सुटून, पाणी निथळत, खांद्यावर वेटोळी घेऊन उभे राहिल्यावर आई म्हणाली, "आता हल्लू नको." कमरेची लाकडी फणी काढून तिने ती मुलीच्या मानेवर, कानामागे, टाळूच्या मधोमध, फक्त मुळाशी, अलगद एकेकदा टेकवून फिरवली. ती नको म्हणायला मी तोंड उघडले होते. मुलीने मला खुणेनेच थांबवले.

आता दर रविवारी असेच चालते. आधी कंगवा, शेवटी फणी.

परवा मुलीने विचारले, "आज्जी, एवढं काय शोधतेस गं? उवा?"

"व्हय," आई म्हणाली, "उवा."

मी दोरीवरचे कपडे काढत होते.